जुन्या घाटाची भांडी, आपल्या हातांनी

गेल्या महिन्याच्या सदरात मी दोन-चार ओळीच लिहिल्या होत्या. विदर्भातल्या उत्खननांत निघतात त्या घाटाची भांडी त्याच रीतीनं घडवून, भाजून बघण्याचा छंद नागपुरात बसल्या जागी करता येतो, एवढंच. त्यावर आलेल्या पत्रांत प्रश्न कमी आणि तक्रारी जास्त आहेत. म्हणजे लोकांनी खरंच मातीत हात घातलाय. निवडक पत्रांना उत्तरं देते.

जुनापाणीची दगडी वर्तुळं बघून आलो आणि भारावून गेलो. बेस्याला आमच्या प्लॉटवर पाया खोदला तेव्हा निघालेली काळी माती मळून वाडगा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काठापासून तळापर्यंत तडे. माती खराब आहे की माझा हात?
*— बँक कर्मचारी, बेसा*

हात बरा असावा. मातीही चांगलीच आहे, पण ती कापसाची आहे, मडक्याची नाही. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं भरपूर असतात. ती पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना तेवढीच आक्रसतात. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तुमच्या वाडग्यात तेच झालं, फक्त एका रात्रीत.

कुंभार नुसती काळी माती सहसा घेत नाहीत. तळ्याचा गाळ किंवा ओढ्याकाठची पिवळसर माती घेतात आणि तिच्यात रेती, राख, लीद असं काहीतरी घालतात. मला ज्यांनी शिकवलं ते कुंभारकाका माझ्या गोळ्यात बोट खुपसून एवढंच म्हणाले होते, "ह्या मातीले रेती पायजेच बाई, नाही तं फाटते." रेतीचे कण आक्रसत नाहीत आणि त्यांच्या आजूबाजूनं पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. उत्खननातल्या खापरीची तुटलेली कड भिंगाखाली धरली तर हेच दिसतं. कुठे रेतीचे पांढुरके दाणे, कुठे जळून गेलेल्या तुसाच्या लांबट पोकळ्या.

तेव्हा वाडगा बाजूला ठेवा आणि आधी पट्ट्या करा. वीतभर लांब, बोटभर जाड. एक नुसत्या मातीची, एक चौथा हिस्सा रेती घातलेली, एक तिसरा हिस्सा रेतीची. ओल्या पट्टीवर खिळ्यानं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, कडेला मिश्रणाचा क्रमांक कोरा, सावलीत सुकवा आणि भाजून झाल्यावर रेघ पुन्हा मोजा. ९ सेंटिमीटर भरली तर माती दहा टक्के आक्रसली. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या उत्तरात लागणार आहे.

आणखी एक. काळ्या मातीत चुनखडीचे बारके खडे असतात. भाजताना त्या खड्याचा चुना होतो, मग हवेतली ओल धरून तो फुगतो आणि चांगलं झालेलं भांडं आठवड्यानं टवके टाकतं. पावसाळ्यात तर हमखास. म्हणून माती पाण्यात विरघळवून बारीक चाळणीतून गाळून घ्या. शंका असेल तर सुक्या मातीवर लिंबू पिळा. फसफसली की चुनखडी आहे.

पुरातत्त्वाच्या अहवालात भांड्यांची चित्रं अर्धी कापल्यासारखी काढलेली असतात. ती वाचायची कशी? आणि काठाच्या चार बोटांएवढ्या तुकड्यावरून अख्खं भांडं केवढं होतं हे कसं ठरवतात? की अंदाजपंचे?
*— शिक्षिका, रामटेक*

मधल्या उभ्या रेषेच्या एका बाजूला भांड्याचा छेद असतो, म्हणजे भिंत किती जाड आणि काठ कसा वळलाय ते. दुसऱ्या बाजूला तेच भांडं बाहेरून कसं दिसतं ते. भांडं चाकावर फिरून झालेलं असल्यानं दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून एका चित्रात दोन कामं उरकतात.

काठाचा तुकडा सपाट काचेवर उपडा धरायचा आणि हळूहळू कलवत जायचं. काठ आणि काच यांच्यामधून उजेड दिसायचा थांबला की तो तुकडा मूळ भांड्यात जसा तिरका होता तसा उभा राहिला. मग एका मध्यबिंदूभोवती एकेक सेंटिमीटरनं वाढत जाणारी वर्तुळं काढलेला कागद घ्यायचा आणि काठाचा बाक कुठल्या वर्तुळावर चपखल बसतो ते बघायचं. तोच तोंडाचा व्यास. त्याच कागदावर वर्तुळाचे शेकड्यात भाग पाडले असतील तर काठाचा किती हिस्सा हाताशी आहे तेही कळतं. पाच टक्क्यांहून कमी काठ असेल तर मी त्या व्यासावर विश्वास ठेवत नाही.

खालचा भाग मात्र तुकड्यात नसेल तर तो अंदाजच. प्रामाणिक चित्रकार तिथे तुटक रेघ काढतो. आपल्याकडे एक सोय आहे. महापाषाणीय दफनांत, म्हणजे जुनापाणीसारख्या दगडी वर्तुळांतल्या जुन्या दफनांत, मेलेल्या माणसाबरोबर भांडी ठेवत, त्यामुळे पूर्ण किंवा जोडून पूर्ण होतील अशी भांडी बरीच मिळाली. पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांनी नागपूर विद्यापीठातर्फे बुटीबोरीच्या बाजूला टाकळघाट-खापा इथे १९६८-६९ मध्ये आणि माहुरझरीला १९७०-७२ मध्ये उत्खनन केलं. पारशिवनीजवळच्या नायकुंडचा अहवाल त्यांनी अ. प्र. जामखेडकरांबरोबर काढला. त्या गावाचं नाव लोखंड वितळवण्याच्या भट्टीमुळे जास्त गाजलं, पण मडकीही बघण्यासारखी आहेत. हे अहवाल मोठ्या ग्रंथालयात मिळतात. शिक्षिका आहात, ओळखपत्र दाखवून बसायला परवानगी मागा.

चित्राखालची मोजपट्टी बघून ते मूळ मापात मोठं करा, छेदाची बाहेरची रेघ जाड पुठ्ठ्यावर कापून साचा करा. पण थांबा, मातीचं आक्रसणं त्यात धरलंत का? भाजून झाल्यावर तोंड २० सेंटिमीटर हवं आणि माती दहा टक्के आक्रसणारी असेल, तर चाकावर ते २२.२ सेंटिमीटर धरावं लागतं. म्हणजे २० ला ०.९ नं भागायचं. २० मध्ये दहा टक्के मिळवून २२ धरणाऱ्याचं भांडं जरासं लहान निघतं. आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

वाडगा आतून आणि काठाशी काळाकुळकुळीत, बाहेर खाली तांबडा. हे दोन रंग लावायचे कसे? इंटरनेटवर एक जण काळा ऑइल पेंट मारताना दिसला.
*— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड*

ऑइल पेंटवाल्याला लांबून नमस्कार. यात काळा रंग लावायचाच नसतो, तो आग देते.

मातीत लोह असतं. भाजताना भरपूर हवा मिळाली तर ते तांबडं होतं. हवा कोंडली तर तेच लोह काळपट पडतं आणि धुराचा कार्बन मातीच्या छिद्रांत शिरून बसतो. म्हणजे एकाच भांड्याच्या एका भागाला हवा द्यायची आणि दुसऱ्याची तोडायची. पूर्वीच्या लोकांनी हे एकाच भाजणीत भांडं उपडं ठेवून साधलं की दोनदा भाजून, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. मी पहिल्या मताची, कारण गोवऱ्यांच्या साध्या आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, ते होतं हे डोळ्यांनी बघितलंय.

आधी भांड्याची तयारी. गेरू बादलीभर पाण्यात कालवून ठेवायचा, जड कण तळाशी बसले की वरचं सायीसारखं पाणी अलगद काढून घ्यायचं. भांडं निम्मं सुकलेलं असताना, म्हणजे नखानं खूण उमटते पण बोटाला माती लागत नाही अशा वेळी, ते पाणी फडक्यानं पुसायचं. ओलेपणाची चमक गेली की गुळगुळीत गोट्यानं घोटायला बसायचं. मी अकीकचा तुकडा वापरते. माहुरझरीला अकीक आणि कार्नेलियनचे मणी करत, त्यामुळे त्या दगडाबद्दल उगाच जिव्हाळा. घोटताना गोटा एकाच दिशेनं फिरवा. जुन्या वाडग्यांच्या काठाखाली उजेड तिरका पडला की आडव्या बारीक रेषा चकाकतात, त्या या घोटण्याच्याच. या कामाला आकार देण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवते.

मग सुकवणं. सावलीत, घाई न करता. सुकलं की नाही हे बघायला भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. तसंच आगीत गेलं तर पाण्याची वाफ होते आणि तळ फट्‌कन उडतो, शेजारच्या चार भांड्यांना घेऊन.

आव्याची जागा कोरडी हवी. जमिनीवर राखेचा थर, त्यावर धानाचं तूस आणि गोवरीचा चुरा. वाडग्यात तूस दाबून भरायचं, तोंडावर कौलाचा तुकडा धरायचा, भाताची मूद पाडतो तसा वाडगा त्या थरावर उपडा करायचा आणि कौल हळूच ओढून घ्यायचं. काठ दोन बोटं खाली रुतला पाहिजे. काळा पट्टा तेवढाच उंच येणार. भोवती गोवऱ्या उभ्या रचायच्या, पण फटी ठेवून. इथे नवखी माणसं प्रेमानं गोवऱ्या ठासतात, हवा कोंडते आणि भांडं आतबाहेर काळं निघतं. आच वरून लावायची, म्हणजे ती सावकाश खाली उतरते. सुरुवातीला जपून, कारण ५७३ अंश सेल्सिअसच्या आसपास रेतीतल्या गारेचं (क्वार्ट्झचं) आकारमान एकदम बदलतं. तिथे आच उसळली की भांड्याला केसासारखी चीर जाते. अशा उघड्या आव्यात उष्णता ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान जाते, आपल्याला तेवढी पुरे. फार वर गेली तर घोटलेली चमक मरते.

आणि मग हात लावायचा नाही. रात्रभर नाही. गरम असताना वाडगा उचलला की आत हवा शिरते, कार्बन जळून जातो आणि काळ्याचा भुरका राखाडी होतो. सकाळी राख झटकून उचललात की बाहेरून विटेचा तांबूस रंग, काठाशी दोन बोटं काळं, आणि दोन्हींच्या मध्ये तपकिरी धुरकट पट्टा, कुठे रुंद, कुठे नुसता पुसट. जिथे एखादी गोवरी कलंडून चिकटली असेल तिथे काळा डाग. हा डाग खरवडू नका. जुन्या भांड्यांवरही तो असतो आणि गोवरी किंवा लाकूड कुठे टेकलं होतं ते त्यावरून कळतं. बोटानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर जमलं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे.

हे सगळं फ्लॅटच्या गच्चीवर करू नका. सोसायटीची सभा बोलावली जाईल आणि ते बरोबरच असेल. एखाद्या कुंभाराला गाठा, त्याच्या आव्यात कोपरा मागा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. दिवाळीच्या पणत्या आटोपल्यावर आणि संक्रांतीच्या सुगडांची घाई सुरू व्हायच्या आत गेलात तर बोलायला वेळ असतो. त्यानंतर माठ-रांजणांचा हंगाम लागतो, अक्षय तृतीयेपर्यंत डोकं वर काढता येत नाही त्यांना.

आमच्या शेतात नांगरताना खापऱ्या निघतात. त्या गोळा करून जोडल्या तर चालेल का? आणि नव्या भांड्याला जुनं रूप यावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून ठेवावं म्हणतो.
*— शेतकरी, कुही तालुका*

तुमच्या तालुक्यात अडम आहे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलेलं. तेव्हा निघालेली खापरी आजीच्या काळातली की दोन हजार वर्षांपूर्वीची, हे तुम्ही-आम्ही बघून सांगू नये. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. जमिनीत दडलेल्या ठेव्याबद्दलचा १८७८ चा कायदा तर दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची चीज सापडली तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा म्हणतो. संरक्षित जागेवरून तर खडाही उचलायचा नाही, आणि मुद्दाम खोदायचं असेल तर परवानगी लागते.

खापरी जिथे दिसली तिथेच ठेवून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, गट क्रमांक लिहा आणि सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवा. कुठल्या खापऱ्या कुठे आणि कशाजवळ होत्या, यावरच त्यांचं मोल असतं. घरी पिशवीत भरलेल्या खापऱ्या काही सांगत नाहीत.

चहाचं पाणी चहालाच राहू द्या. भांडं ओलं असताना तळाला तुमचं नाव, साल आणि 'प्रतिकृती' असं खोल कोरा, मगच भाजा. शाईनं लिहिलेलं कोणीही पुसतं. जुनं दिसायला लावलेलं भांडं उद्या तुमच्या नातवानं कुणाला विकलं, तर त्यातून होणारा घोटाळा निस्तरता येत नाही.

या वाडग्यात वरण शिजवता येईल का?
*— गृहिणी, मानेवाडा*

पहिल्या दिवसापासून आचेवर ठेवू नका. आधी पाण्यात भिजवा, मग तांदळाची पेज घालून मंद आचेवर उकळा. पेजेतला चिकटपणा छिद्रांत बसतो आणि झिरपणं कमी होतं. तरी थोडं पाझरेलच. आंबट काही ठेवू नका. आणि बाजारातलं वॉर्निश मारलेलं असेल तर त्यात अन्न अजिबात नको. आकारानं लहान आणि घोटलेला वाडगा मुळात ताटातला, चुलीवरचा नव्हे. चुलीसाठी जाड रेतीचं, न घोटलेलं, गोल बुडाचं भांडं करा. उपड्या मडक्यावर लांब पोळ्या करणाऱ्या बायका आपल्याकडे आहेतच, त्यांना विचाराल तर कुठल्या मातीचं मडकं आच सोसतं हे माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

कुंभारपुऱ्यात दोनशे रुपयांत माठ मिळतो. मग हा खटाटोप रिकामटेकड्यांचाच म्हणायचा का?
*— निवृत्त, महाल*

काही अंशी, हो. मीही निवृत्तच आहे.

पण एक गोष्ट सांगते. अहवालात 'काळी-तांबडी, घोटीव' असे तीन शब्द वाचून आपण पान उलटतो. तोच वाडगा स्वतः घडवला की कळतं, चाकावर तो हां हां म्हणता उतरतो आणि घोटण्यात अख्खी दुपार जाते. म्हणजे मेलेल्याजवळ ठेवायच्या भांड्यावर कुणीतरी एवढा वेळ घातला होता. शेजारच्या तांबड्या जाड मडक्यावर नव्हता घातला. तो वाडगा घरातला रोजचा होता की त्या दिवसासाठी मुद्दाम केलेला? काठ झिजलाय का, आत खरडल्याच्या खुणा आहेत का, हे मी त्यानंतर बघायला लागले.

अभ्रकाचंही तसंच. इथल्या महापाषाणीय भांड्यांत अंगावर अभ्रकाचे कण चमकणारा तांबडा प्रकार आहे. नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, तर पूर्वेला आणि रामटेक-पारशिवनीकडे नीस आणि शिस्ट हे खडक, ज्यात अभ्रक असतो. दोन्हीकडची माती मळून बघितली की तळहातावर राहणाऱ्या चकाकीवरूनच फरक कळतो. मग भांडं कुठल्या बाजूचं असेल असा प्रश्न आपोआप पडतो. त्याचं उत्तर प्रयोगशाळेतच मिळणार, पण विचारायचं सुचलं ते हातामुळे.

माठ घ्याच. उन्हाळा येतोय.

सुट्टीत सोसायटीतल्या मुलांसाठी काही करता येईल का? आग नको, चाक नको.
*— दोन मुलांची आई, त्रिमूर्तीनगर*

बाजारातून बिनरंगाची छोटी मडकी आणा, दोन-तीन वेगवेगळ्या घाटांची. मुलांकडून त्यांवर काव किंवा कोळशानं नक्षी काढून घ्या. मग जुन्या चादरीत गुंडाळून प्रत्येक मडकं फोडा (हे तुम्ही करा, कडा धारदार असतात), सगळ्या खापऱ्या एकत्र मिसळा आणि त्यातल्या मूठभर लपवून ठेवा. आधी काठ, तळ आणि मधले तुकडे असे ढीग लावायला सांगा. नक्षीवरून जोड्या लावतात ती मुलं लवकर अडकतात. जाडी आणि तुटलेल्या कडेचा रंग बघणारी पुढे जातात, पण हे त्यांना आधी सांगू नका.

जोडताना तळापासून वर यायचं. एक परात रेतीनं भरा आणि चिकटवलेला तुकडा सुकेपर्यंत रेतीत उभा खोचा, म्हणजे तो स्वतःच्या वजनानं घसरत नाही. संग्रहालयांतही असंच करतात. तिथे गोंद मात्र पुन्हा विरघळवता येईल असा वापरतात, कारण उद्या एखादा तुकडा चुकीच्या जागी लागल्याचं लक्षात आलं तर काढता यावा. मुलांसाठी पाण्यात सुटणारा साधा पांढरा गोंद पुरे. लपवलेल्या तुकड्यांच्या जागा प्लास्टरनं भरा आणि त्या मडक्याच्या रंगापेक्षा किंचित फिक्या ठेवा, म्हणजे हातभर अंतरावरून भांडं पूर्ण दिसतं आणि जवळ गेल्यावर भरलेलं कुठलं ते कळतं. लपवलेल्या खापऱ्या शेवटी परत द्या आणि प्लास्टरच्या जागेशी ताडून बघू द्या.